देवस्थानची जमीन : शिलालेखापासून सातबाऱ्यापर्यंत

आळे हे जुन्नर तालुक्यातील एक जुने व मोठे गाव आहे. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन मोठे रस्ते जेथे एकमेकांस छेदतात, तो आळेफाटा याच गावाच्या नावाने ओळखला जातो. परंतु वारकरी मंडळींत आळ्याची ओळख निराळी आहे. श्रीज्ञानेश्वर महाराजांनी पैठण मुक्कामी ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदविले, तो रेडा परतीच्या वाटेवर येथे निवर्तला व महाराजांनी त्यास येथेच समाधी दिली, अशी परंपरा आहे. ती समाधी गावाने पिढ्यानपिढ्या जतन केली. अशा गावात देवळाचा जीर्णोद्धार व्हावा आणि त्यासाठी लहानथोरांनी यथाशक्ती हातभार लावावा, हे गावच्या परंपरेस साजेसेच आहे.

जीर्णोद्धार म्हटला म्हणजे डोळ्यांसमोर येतात ते घडीव दगड, सभामंडप, शिखर आणि कळस. पण देऊळ बांधून पुरे झाल्यावर ते चालते कशावर? रोजची दिवाबत्ती, पूजा, नैवेद्य, झाडलोट, वर्षाचा उत्सव, आल्यागेल्याचे अन्न, हा खर्च देणगीने एकदा भागतो, पण दरवर्षी भागत नाही. जुन्या लोकांनी यावर उपाय काढला तो जमिनीचा. पीक दरसाल येते, म्हणून देवाचा दिवा दरसाल तेवतो. तेव्हा देवस्थानचा इतिहास हा जितका दगडांचा आहे तितकाच जमिनीच्या कागदांचाही आहे. दगड झिजला तर दिसतो; कागद झिजला तर दिसत नाही. हा दुसरा इतिहास ग्रामस्थ व देणगीदार यांच्यापुढे थोडक्यात ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लेण्यांतील दानपत्रे

धर्मकार्यासाठी जमीन देण्याची चाल या भागात फार प्राचीन आहे. नाणेघाटाने कोकणातून वर येणारा व्यापार जुन्नरला पोचत असे. त्या काळी येथील व्यापारी, कारागीर व अधिकारी यांनी जुन्नरभोवतीच्या डोंगरांत लेणी खोदविली. मानमोडी, शिवनेरी, लेण्याद्री व तुळजा या गटांतील काही लेण्यांत ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत कोरलेले लेख आहेत. महाक्षत्रप नहपान याचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये मंडप व पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख मानमोडी डोंगरात आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघाने, सात खोल्यांचे लेणे व टाके दिल्याचाही लेख जुन्नरला आहे.

जमिनीच्या दृष्टीने महत्त्वाचा लेख आडुथुम नावाच्या एका शक उपासकाचा आहे. त्यात २० निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी व ९ निवर्तने वडाच्या झाडांसाठी दिल्याची नोंद असून हा व्यवहार श्रेणीकडे सोपविलेला आहे. दुसऱ्या एका लेखात बुरूडकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे. म्हणजे देणाऱ्याने दान देऊन हात झटकले नाहीत. जमीन किती, ती कशासाठी, आणि सांभाळणार कोण, या तिन्ही गोष्टी त्याने दगडावर लिहून ठेवल्या.

आळेफाट्याहून उत्तरेस गेलेला रस्ता नाशिकला पोचतो. तेथील लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्याने एका ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांस शेत विकत घेतले व त्याच्या उत्पन्नातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंना अन्न मिळावे अशी व्यवस्था केली. शिवाय ३००० कार्षापणांची कायम ठेव विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी २००० कार्षापण दरमहा शेकडा १ या दराने होते. त्याचे वर्षाचे व्याज २४० होते आणि २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ याप्रमाणे हा हिशेब बरोबर जुळतो. मुद्दल परत द्यावयाचे नाही, व्याजच खर्चावयाचे, अशी स्पष्ट अट लेखात आहे. अशा ठेवीस अक्षयनीवी म्हणत. आजच्या देवस्थानांची कायम ठेव म्हणजे हीच.

याच लेखात पुढे म्हटले आहे की, हे सर्व निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकविण्यात आले व रीतीप्रमाणे दप्तरात नोंदविण्यात आले. दान करणारा राजाचा जावई होता. त्यास विचारणारे कोण होते? तरीही दान सभेत वाचून दाखविले गेले आणि नोंदले गेले. सभेत वाचणे आणि दप्तरी लिहिणे, या दोन गोष्टी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी देणगीच्या कारभाराचा पाया होत्या. पुढील सर्व इतिहास पाहताना या दोन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात.

नहपानानंतर गौतमीपुत्र सातकर्णीचा अंमल या प्रदेशावर आला. नाशिकच्या लेण्यातच त्याच्या वर्ष २४ चा एक हुकूम आहे. भिक्षूंना पूर्वी कखडी गावात शेत दिले होते. परंतु ते शेत कसले जात नाही व गावही वसलेले नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या हद्दीवरील राजाच्या मालकीचे १०० निवर्तने शेत देण्यात यावे, असा त्याचा आशय आहे. दान कागदावर आहे पण उत्पन्न येत नाही, ही तक्रार तेव्हाही होती आणि तिची दखल घेऊन दुरुस्ती होत होती. देवस्थानच्या कारभारात सुधारणा करणे म्हणजे परंपरा मोडणे नव्हे, यास याहून जुना दाखला शोधण्याची गरज नाही.

इनाम, सनद व वहिवाटदार

मध्ययुगात जुन्नर हे निजामशाहीचे उगमस्थान होते व शिवनेरीवर १६३० साली छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म झाला. राज्ये बदलली तरी देवस्थानांच्या व पीरांच्या नेमणुका बहुतेक पुढे चालू राहिल्या. महाराजांनी मुलखातील देवस्थानांची दिवाबत्ती, नैवेद्य व अभिषेक, तसेच पीर व मशिदी यांची दिवाबत्ती, स्थान पाहून यथायोग्य चालविली, असे सभासदाची बखर सांगते. पेशवाईत इनामांची संख्या वाढली. वसईच्या विजयानंतर चिमाजीअप्पांनी याच तालुक्यातील ओझरच्या श्रीविघ्नहराच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, ही गोष्ट तर तालुक्यात सर्वश्रुत आहे.

त्या काळी जमिनीचे मोजमाप बिघे व चाहूर यांत होई. २० पांडांचा बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चाहूर. इनाम दोन प्रकारचे असे. एकात जमीनच देवाला दिली जाई. दुसऱ्यात जमीन कसणाऱ्याचीच राही, पण तिचा सारा सरकारात न जाता देवाकडे जाई. हा फरक पुढे कोर्टकचेऱ्यांत फार महत्त्वाचा ठरला. जुन्या सनदेत ‘जमीन’ दिली आहे की ‘सारा’ दिला आहे, हे नीट न वाचल्यामुळे अनेक गावी वाद उभे राहिले.

देव स्वतः नांगर धरीत नाही. म्हणून जमिनीची व्यवस्था पाहण्यास कोणी माणूस लागे. कोठे गुरव, कोठे पुजारी, कोठे गोसावी, तर कोठे एखादे घराणे. त्यास वहिवाटदार म्हणत. त्याने उत्पन्न घ्यावे, देवाची सेवा करावी, आणि सेवेबद्दल आपला निर्वाह करावा, अशी ही जोडणी होती. या घराण्यांविषयी एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. दुष्काळात, पटकीच्या साथीत, गाव ओस पडण्याच्या प्रसंगी देवापुढचा दिवा ज्यांनी विझू दिला नाही, ते बहुतेक हेच लोक होते. त्यांची सेवा खरी होती. प्रश्न निर्माण झाला तो सेवेतून नव्हे, तर कागदातून. देवाच्या नावासाठी लिहिलेले माणसाचे नाव हळूहळू मालकाचे नाव होऊन बसले.

इंग्रजी दप्तर

१८१८ साली पेशवाई गेली. इंग्रज सरकारने प्रत्येक इनामाची सनद तपासण्यास सुरुवात केली. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. ज्यांचे कागद पुरे नव्हते त्यांची इनामे जप्त झाली व त्यामुळे दक्षिणेत मोठा असंतोष पसरला. पुढे १८६३ च्या दुसऱ्या कायद्याने खाजगी इनामदारांना ठराविक रक्कम भरून इनाम कायमचे आपले करून घेण्याची मुभा मिळाली. देवस्थानांच्या जमिनींस मात्र ही वाट ठेवली नाही. देवस्थान चालू असेपर्यंत जमीन देवस्थानकडे चालावी व ती कोणास विकता येऊ नये, असे धोरण ठरले.

महसूल दप्तरात इनामांचे वर्ग पाडण्यात आले, त्यांत देवस्थान इनाम हा वर्ग ३ होय. गावच्या दप्तरात आकार, जुडी व नुकसान असे रकाने आले. आकार म्हणजे जमिनीचा पूर्ण सारा, जुडी म्हणजे इनामाकडून सरकार घेते ती अल्प रक्कम, आणि नुकसान म्हणजे सरकारने सोडलेला भाग. आजही गाव नमुना नंबर ३, म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही, हा त्याच व्यवस्थेचा वारसा आहे. देवस्थानची जमीन शोधावयाची झाल्यास जाणकार मंडळी प्रथम याच नोंदवहीकडे व जुन्या इनाम नोंदीच्या उताऱ्याकडे जातात. नवा सातबारा काहीही म्हणो, मूळ तेथे सापडते.

इंग्रजी अमलात नोंद पक्की झाली, पण सभा तुटली. वहिवाटदाराने हिशेब कोणास द्यावा, याचे उत्तर दप्तरात नव्हते. अव्यवस्था झाल्यास १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम ९२ खाली परवानगी घेऊन दावा लावावा लागे. खेड्यातील माणसाला पुण्याच्या कोर्टापर्यंत जाणे परवडणारे नव्हते.

इनामे गेली, देवस्थाने राहिली

स्वातंत्र्यानंतर जमीन कसणाऱ्याची, हे धोरण आले व इनामे एकामागून एक रद्द झाली. परगणा व कुळकर्णी वतने १९५० च्या कायद्याने, व्यक्तिगत इनामे १९५२ च्या कायद्याने, समाजोपयोगी सेवा इनामे १९५३ च्या कायद्याने, कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने आणि पाटील वतने १९६२ च्या कायद्याने गेली. या सर्वांतून देवस्थान इनाम तेवढे वगळण्यात आले. कारण ते कोणा माणसाचे वतन नव्हते, एका उद्देशाची ती तरतूद होती.

कुळकायद्याचेही असेच झाले. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कुळे जमिनीची मालक झाली. परंतु कलम ८८ ब प्रमाणे सार्वजनिक पूजास्थानांच्या जमिनींस यातून सूट ठेवली गेली. या सुटीस दोन अटी आहेत. देवस्थान सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले असले पाहिजे, आणि जमिनीचे संपूर्ण उत्पन्न न्यासाच्या उद्देशासाठीच खर्च होत असले पाहिजे. या अटी पुऱ्या होतात असा दाखला जिल्हाधिकारी देतात.

या कलमाचा अर्थ गावाने शांतपणे समजून घेण्यासारखा आहे. शेजारच्या बांधावरील कुळ मालक झाले आणि देवाच्या जमिनीवरील कुळ मात्र खंडकरीच राहिले. त्यानेही तोच घाम गाळला, तीच विहीर उपसली. खंडाबाबतची काही संरक्षणे त्यास राहिली, पण मालकी मिळाली नाही. हा त्याग त्याने देवासाठी केला आहे. मग त्याने दिलेल्या खंडाचा प्रत्येक रुपया देवाच्या कामी लागला पाहिजे, ही अपेक्षा त्याने धरली तर ती चूक म्हणता येणार नाही. हिशेब न ठेवणारे विश्वस्त कायदा तर मोडतातच, शिवाय त्या कुळाशीही अन्याय करतात.

धर्मादाय नोंदणी

देवस्थानांच्या कारभारास आजचे रूप दिले ते १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने. न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४८ साली या प्रश्नाचा विचार केला होता. तद्नंतर हा कायदा आला. आता तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्यातील मुख्य गोष्टी सामान्य माणसासही समजण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट नोंदणी. हिंदू धर्मादाय संस्थांची नोंद ‘ए’ नोंदवहीत होते. तीत देवस्थानचे नाव, विश्वस्त कोण, ते कसे नेमावयाचे, स्थावर व जंगम मिळकत कोणती, हे सर्व लिहिलेले असते. दुसरी गोष्ट बदल अर्ज. विश्वस्त वारला, राजीनामा दिला, नवा आला, किंवा मिळकतीत फरक पडला, तर ९० दिवसांत कळवावे लागते. पुष्कळ गावांचे घोडे येथेच अडते. जुने विश्वस्त निवर्तून वीस वर्षे झाली तरी नोंदवहीत त्यांचीच नावे असतात, आणि प्रसंग आला म्हणजे देवस्थानच्या वतीने सही करण्याचा अधिकार कोणासच उरत नाही.

तिसरी गोष्ट हिशेब व तपासणी. दरवर्षी जमाखर्च व ताळेबंद ठरलेल्या नमुन्यात तयार करून तपासून घ्यावा लागतो. चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट कलम ३६ ची. न्यासाची स्थावर मिळकत विकणे, अदलाबदल करणे किंवा बक्षीस देणे, तसेच शेतजमीन १० वर्षांपेक्षा अधिक मुदतीने व बिगरशेती जमीन किंवा इमारत ३ वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देणे, यांस धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. विश्वस्तांनी एकमताने ठराव केला, एवढ्याने भागत नाही. देवस्थान इनाम वर्ग ३ च्या जमिनीवर महसूल खात्याचे निर्बंध याखेरीज आहेत. कारभार बिघडला असेल तर कलम ५० अ खाली आयुक्त नवी योजना घालून देऊ शकतात, आणि कलम ४१ ड खाली दोषी विश्वस्तास दूर करू शकतात. पूर्वी ज्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागे, त्यापैकी बरेचसे आता एका अर्जाने सुरू होऊ शकते.

मालक कोण?

एवढे कायदे असूनही देवस्थानच्या जमिनी कमी होत गेल्या, याचे कारण काय? तालुक्यातालुक्यांतून दिसणारा प्रकार साधारण असा असतो. जुन्या उताऱ्यावर देवाचे नाव व खाली वहिवाटदाराचे नाव असते. वहिवाटदार वारला म्हणजे मुलांची वारसनोंद होते. नंतर भावाभावांत वाटप होते व फेरफार पडतो. दहा-बारा वर्षांनी सातबाऱ्याचे पुस्तक नव्याने लिहिले जाते, त्यात ‘देवस्थान इनाम वर्ग ३’ हे शब्द लिहावयाचे राहून जातात किंवा इतर हक्कात जाऊन बसतात. पुढच्या पिढीला ती आपली वडिलार्जित जमीन वाटते, आणि त्यात तिचा खोटेपणा असतोच असे नाही. एकाही माणसाने चोरी केलेली नसते, पण देवाची जमीन गेलेली असते.

न्यायालयांनी याबाबत वेळोवेळी स्पष्ट निर्णय दिले आहेत. नाशिकच्या श्रीबालाजी मंदिराचा वाद प्रसिद्ध आहे. ज्या घराण्याने पिढ्यानपिढ्या सेवा केली, त्याचे म्हणणे देऊळ खाजगी असल्याचे होते. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने जुन्या सनदा, नेमणुका व देवळाचा प्रत्यक्ष वापर पाहून ती सार्वजनिक न्यासाची मिळकत ठरविली. मध्य प्रदेशातील पुजाऱ्यांच्या एका प्रकरणात ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, देवळाच्या जमिनीचा मालक देवच होय. पुजारी हा व्यवस्थेपुरता असतो आणि मालकाच्या रकान्यात त्याचे नाव लिहिण्याची गरज नाही. महाराष्ट्रातही २०२५ साली देवस्थान इनाम जमिनींच्या खरेदी-विक्रीचे दस्त नोंदवू नयेत, असे आदेश नोंदणी खात्याने काढले.

कायद्याच्या दृष्टीने मूर्ती ही एक व्यक्ती आहे. तिच्या नावे जमीन असू शकते, तिच्या वतीने दावा करता येतो. मात्र ही व्यक्ती अज्ञान मुलासारखी समजली जाते. तिला बोलता येत नाही, सही करता येत नाही, कचेरीत हेलपाटे घालता येत नाहीत. तिच्या वतीने पालकाने बोलावयाचे असते. पालकाने अज्ञानाची इस्टेट राखावयाची असते, खावयाची नसते.

कारभार कोणी पाहावा?

मालक देव हे ठरले, तरी पालक कोण हा प्रश्न राहतोच. त्याची उत्तरे महाराष्ट्रात निरनिराळी दिली गेली. पंढरपूर येथे बडवे, उत्पात आदींचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने रद्द करण्यात आले, पण कोर्टातील वाद जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. म्हणजे कायदा होऊन चाळीस वर्षे लागली. आळंदीच्या संस्थानावर जिल्हा न्यायालयाकडून विश्वस्त नेमले जातात. शिर्डीसाठी २००४ साली स्वतंत्र कायदा झाला. कोल्हापूर भागातील हजारो लहानमोठी देवळे व त्यांच्या जमिनी पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहेत.

यातील कोणतीच पद्धत निर्दोष नाही. घराण्याकडे कारभार असला तर आपुलकी असते, पण हिशेब विचारणे अवघड होते. सरकारी समिती आली तर हिशेब असतो, पण गावाचा शब्द पातळ होतो. जेजुरीस २०२३ साली नवे विश्वस्त नेमले गेले, तेव्हा त्यांत गावची माणसे पुरेशी नाहीत म्हणून ग्रामस्थांनी आंदोलन केले. नियमाने नेमणूक झाली, एवढ्यावर गावाचे समाधान होत नाही. आपला माणूस तेथे बसला पाहिजे असे त्यास वाटते. उलट गावचीच माणसे असून वर्षानुवर्षे सभा होत नाही, अशीही देवस्थाने थोडी नाहीत.

तेव्हा विश्वस्त घराण्यातले असोत, निवडलेले असोत किंवा नेमलेले असोत, कसोटी एकच आहे आणि ती नाशिकच्या लेण्यात कोरलेली आहे. दान सभेत वाचले गेले का? दप्तरी लिहिले गेले का? नवी पद्धत म्हणून जे सांगितले जाते, ते या दोन जुन्या गोष्टींचेच नवे रूप आहे. २०१७ साली संगणकीकृत सातबाऱ्यांचे गावोगावी चावडीवाचन झाले, तेव्हा तलाठ्याने उतारे लोकांसमोर वाचले व चुका सांगण्यास सांगितले. निगमसभेत जे झाले, तेच चावडीवर झाले. फरक एवढाच की, चावडीवर प्रत्येकाने आपापला गट नंबर कान देऊन ऐकला. देवाचा गट नंबर कोणी ऐकावयाचा?

जीर्णोद्धाराचा दुसरा भाग

कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने या परिसरातील शेती बदलली आहे व आळेफाट्यामुळे जमिनीस भाव आला आहे. जेथे पूर्वी बाजरी होई तेथे आता ऊस, कांदा, टोमॅटो पिकतो, आणि रस्त्याकडेच्या गुंठ्यास जी किंमत येते ती आजोबांच्या स्वप्नातही नव्हती. देवस्थानची जमीन पडीक माळ होती तोपर्यंत तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. आता लक्ष जाणार. रस्ता रुंदीकरणात देवस्थानची जमीन गेली तर मोबदला येतो. तो पैसाही देवाचाच असतो व न्यासाच्या खात्यातच जमा व्हावा लागतो. अशा वेळी कागद अपुरे असतील तर मोबदला अडकतो आणि गावात तट पडतात.

म्हणून देवळाचा जीर्णोद्धार करणाऱ्या गावाने कागदांचाही जीर्णोद्धार त्याच वेळी करावा, हे श्रेयस्कर. त्यास फार खर्च लागत नाही. देवस्थानच्या नावे पूर्वी किती जमीन होती, हे जुन्या इनाम नोंदीच्या उताऱ्यावरून व गाव नमुना ३ वरून काढावे. आजचे सातबारे घेऊन ते ताडून पाहावे. कब्जेदार सदरी देवाचे नाव आहे की नाही, वहिवाटदाराचे नाव कोठे आहे, हे पाहावे. फरक आढळल्यास भांडण न करता तहसील कचेरीत रीतसर अर्ज करावा, आणि जी कुटुंबे वर्षानुवर्षे सेवा करीत आली त्यांना आधी विश्वासात घ्यावे. सेवेचा मान व मोबदला हा एक विषय आहे, मालकी हा दुसरा. हे दोन वेगळे ठेवले म्हणजे कोणाच्याही मनाला न दुखविता काम होते. विश्वस्तांचे बदल अर्ज ९० दिवसांच्या आत जावेत. कलम ८८ ब चा दाखला असल्यास तो जपावा. जमिनीचा खंड लिलावाने किंवा ठरावाने, पण सर्वांदेखत ठरावा. आणि वर्षातून एकदा, चैत्रातील यात्रेच्या किंवा उत्सवाच्या गर्दीत, देवळासमोर वर्षाचा जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवावा. वाचनाला दहा मिनिटे लागतात. त्या दहा मिनिटांनी जो विश्वास निर्माण होतो, तो कोणत्याही तपासनिसाच्या शिक्क्याने होत नाही.

देणगीदारांनाही एक विनंती करावीशी वाटते. पायरीवर नाव कोरले जाते ही आनंदाची गोष्ट आहे. पण आपल्या देणगीचा थोडा भाग कायम ठेवीसाठी राखून ठेवावा, मुद्दलास हात न लावता व्याजच खर्चावे, अशी अट पावतीवर लिहून घ्यावी. उषवदाताने तेच केले होते.

आळे गावाने मुक्या जनावराची समाधी शतकानुशतके राखली. त्या जनावराने कधी कोणाकडे हक्क मागितला नाही, कोणत्याही कचेरीत अर्ज दिला नाही. गावाने ते आपले कर्तव्य मानले. देवळातील देवही तसाच अबोल आहे. त्याची जमीन, त्याचा खंड, त्याचा दिवा ही सर्व गावाच्या हाती आहेत. नव्या शिखरावर कळस चढेल तेव्हा ज्या पूर्वजांनी आपल्या ताटातील घास काढून देवासाठी जमीन दिली, त्यांची आठवण गावाने ठेवावी आणि त्यांच्या दानाची नोंद त्या कळसाइतकीच स्वच्छ राहावी, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.